किरणांनी जंतू मरतात, बुरशीचं विष नाही

नमस्कार मॅडम,

हिंगणा रोडला माझं चूर्णांचं छोटं युनिट आहे. लायसन्स आहे, सहा बायका कामाला आहेत. अश्वगंधा, शतावरी, त्रिफळा आणि गुळवेल ही आमची मुख्य चूर्णं. ऑगस्टमध्ये अश्वगंधेचा २५० किलोचा लॉट पुण्याच्या खरेदीदारानं परत पाठवला. रिपोर्टमध्ये टोटल प्लेट काउंट, म्हणजे जिवंत जंतूंची संख्या, ग्रॅमला ४० लाख आणि यीस्ट-मोल्ड, म्हणजे बुरशी, ६ हजार आलं. इतवारीतले आमचे व्यापारी म्हणतात, "ताई, फेकता कशाला? मुंबईकडे गॅमा किरणं मारून आणा. काउंट झिरो होईल, रिपोर्ट पास." दुसरे एक जण म्हणतात, गॅमा नको, ईटीओ वायूची धुरी स्वस्त पडेल.

घरात वेगळाच प्रश्न उभा राहिला आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, कॅन्सरसाठी कोबाल्टचा शेक (रेडिएशन) दिला होता. त्यांची कातडी काळी पडली, महिनाभर घास गिळता येत नव्हता. गॅमा हा शब्द ऐकला आणि त्या म्हणाल्या, "जे माझ्या अंगावर मारलं, ते लोकांच्या औषधात घालणार का?" मला उत्तर देता आलं नाही. त्या स्वतः आमचंच गुळवेल रोज घेतात, आणि आता म्हणतात की गॅमा केलेलं घेणार नाही. माल सुरक्षित राहतो का? टेस्ट कोणत्या करायच्या? खरं ते सांगा.

— एक वाचक, नागपूर

ताई,

आधी त्या २५० किलोंबद्दल सांगते, कारण पोती गोदामात पडून आहेत आणि व्यापाऱ्याचा फोन पुन्हा येणार आहे. हा लॉट आज गॅमाला पाठवू नका, फेकूही नका. पोत्यांवर "थांबवलेला माल" अशी चिठ्ठी लावून तो वेगळा ठेवा आणि त्याची, बुरशीतून येणाऱ्या विषाची म्हणजे अ‍ॅफ्लाटॉक्सिनची टेस्ट करून घ्या. तुमच्या रिपोर्टमधला काळजीचा आकडा ४० लाखांचा नाही, ६ हजारांचा आहे. असं का, ते पुढे सांगते. त्याआधी आईंच्या प्रश्नाकडे वळते. तो प्रश्न अडाणीपणाचा नाही. ज्या बाईनं ती किरणं अंगावर घेतली आहेत, तिला तो विचारायचा पूर्ण हक्क आहे.

आईंचं म्हणणं एका अर्थी बरोबर आहे. किरण तोच. शेक देणाऱ्या मशीनमध्ये कोबाल्ट-६० असतो आणि चूर्णाच्या गॅमा प्लांटमध्येही तोच असतो. प्लांटमध्ये या कोबाल्टच्या धातूच्या बंद कांड्या असतात आणि काम नसताना त्या सुमारे ६ मीटर खोल पाण्याच्या टाकीत बुडवलेल्या असतात. माल खोक्यांत भरून पट्ट्यावरून आत जातो. कांड्या वर येतात, किरणं खोक्यांतून आरपार जातात, माल फिरून बाहेर येतो. कोबाल्ट मालाला कुठेही शिवत नाही. या किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ एमईव्ही (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं एकक) असते. अणूच्या गाभ्यात फेरफार करून त्याला किरणोत्सर्गी बनवायला एवढी ऊर्जा पुरत नाही. म्हणून चूर्ण बाहेर आल्यावर त्यातून काहीही निघत नाही. आईंना आठवण करून द्या, की शेक झाल्यावर त्या त्याच दिवशी घरी यायच्या आणि नातवाला मांडीवर घ्यायच्या, डॉक्टरांनी कधी अडवलं नाही. बाहेरून दिलेला शेक संपला की अंगात किरण उरत नाही. चूर्णाचंही तसंच.

मात्रेबद्दल मात्र त्यांच्यापासून काही लपवू नका, कारण हे त्यांना दुसरीकडून कळलं तर तुमच्यावरचा विश्वास उडेल. ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक. शेकाच्या वेळी साधारण रोज २ ग्रे देतात, आणि सगळं मिळून ५०–६० ग्रेच्या आसपास जातं. चूर्णातले जंतू मारायला ५ ते १० किलोग्रे लागतात, म्हणजे ५ ते १० हजार ग्रे. आकडा ऐकून धडकी भरते. पण माणसाच्या जिवंत पेशीला २ ग्रेही फार असतात, कारण तिला वाढायचं असतं, दोनाच्या चार व्हायचं असतं, आणि किरण तिच्या डीएनएवरच घाव घालतो. जंतू मरतो तोही याच कारणानं. वाळलेल्या मुळीच्या पुडीत वाढायला काही उरलेलंच नसतं. १० किलोग्रे म्हणजे एक किलो मालात १० किलोज्यूल ऊर्जा. तेवढ्यानं एक लिटर पाणी जेमतेम अडीच अंशांनी तापेल. चूर्ण शिजत नाही, करपत नाही, म्हणूनच ही पद्धत वाळलेल्या वनस्पतींना सोयीची ठरली.

ही पद्धत कालची नाही. ट्रॉम्बेचा आयसोमेड प्रकल्प १९७४ पासून दवाखान्यातलं साहित्य याच किरणांनी निर्जंतुक करतो आहे. आईंच्या उपचारात वापरलेल्या हातमोज्यांपैकी आणि सुयांपैकी काही अशाच प्रक्रियेतून आलेल्या असू शकतात. वाशीला ब्रिट या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेचा मसाल्यांचा प्रकल्प २००० पासून चालू आहे. लासलगावला कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून अगदी हलकी मात्रा देतात, चूर्णाच्या मात्रेच्या शंभराव्या भागाइतकी. जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं १९८० मध्ये निष्कर्ष काढला, की १० किलोग्रेपर्यंत प्रक्रिया केलेल्या अन्नातून विषबाधेचा धोका नाही.

आता त्या ६ हजारांकडे येऊ.

मुळ्या मातीतून येतात. नीमच-मंदसौरकडची अश्वगंधा असो की गडचिरोलीच्या जंगलातली शतावरी, जमिनीतून उपटलेल्या मुळीवर बॅसिलससारख्या जंतूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची कवचबंद रूपं, असणारच. वाळवताना धूळ बसते, पोतं ओल्या फरशीवर टेकतं, चक्कीत मागच्या मालाची भुकटी राहिलेली असते. ग्रॅमला ४० लाख जंतू हा आकडा वाईट आहे, कारण आयुर्वेदिक फार्माकोपियाची, म्हणजे औषधांच्या सरकारी मानक-ग्रंथाची, मर्यादा १ लाख आहे. पण तो समजण्यासारखा आहे. मातीतले बहुतेक जंतू निरुपद्रवी असतात. ई. कोलाय आणि साल्मोनेला हे आजार करणारे जंतू नसतील, तर एवढ्या संख्येला किरण हा चांगला उपाय आहे. बीजाणू चिवट असतात, दर दोन-तीन किलोग्रेला त्यांची संख्या दहावा हिस्सा उरते. ४० लाखांचे ४ लाख, ४ लाखांचे ४० हजार. म्हणजे ५-६ किलोग्रेमध्येच तुमचा काउंट मर्यादेत येईल.

बुरशीचं गणित वेगळं आहे. यीस्ट-मोल्डची मर्यादा ग्रॅमला १ हजार आहे आणि तुमचं ६ हजार आलं आहे. याचा अर्थ, माल कधीतरी दमट राहिला आणि त्यावर बुरशी वाढली. ऑगस्टमधला नागपूरचा दमटपणा तुम्हाला मी सांगायला नको. ॲस्परजिलस जातीच्या काही बुरशा वाढता वाढता अ‍ॅफ्लाटॉक्सिन सोडतात. हे यकृताचं विष आहे, आणि त्यामुळे माणसाला कॅन्सर होतो हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. गॅमानं बुरशी मरेल. तिनं आधीच सोडलेलं विष या मात्रेला जागचं हलत नाही. मग रिपोर्टवर यीस्ट-मोल्ड "१० पेक्षा कमी" येईल, पाकीट देखणं दिसेल आणि आतलं विष तसंच राहील. व्यापारी म्हणतात ते "रिपोर्ट पास" एवढ्यापुरतंच खरं आहे.

मी औषधी तपासणीच्या प्रयोगशाळेत तीसेक वर्षं घालवली. एका लॉटचा जंतुकाउंट इतका कमी आला, की आम्ही खूश झालो. आमच्या वरिष्ठ बाईंना ते पटलं नाही. बाजारातून घेतलेल्या मुळीच्या पुडीत एवढे कमी जंतू असतील कसे, म्हणाल्या. त्यांनी पूड पाण्यात कालवून, गाळून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला लावली. सगळीकडे जंतूंची प्रेतं आणि बुरशीचे तंतू. कुणीतरी कुजका माल किरणांखालून काढून गुपचूप पाठवला होता. त्याच्या अ‍ॅफ्लाटॉक्सिनचा आकडा आला त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले नाही. त्या बाईंनी केलं ते आता युरोपात मान्य पद्धत म्हणून वापरतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे एकूण जंतू आणि बशीत वाढणारे जिवंत जंतू यांत हजारो पटींची तफावत असेल, तर माल विकिरित असल्याचा संशय घेतात.

म्हणून लपवालपवीचा विचार मनात आला असेल, तर सोडून द्या. तो लपतही नाही. चूर्णात मातीचे बारीक खनिज कण असतातच, तुम्ही कितीही धुवा. किरणं लागली की या कणांच्या स्फटिकात ऊर्जा अडकून बसते. प्रयोगशाळेत ते कण वेगळे काढून तापवले की ती ऊर्जा उजेड होऊन बाहेर पडते. मग त्याच कणांना ठरावीक मात्रा देऊन पुन्हा तापवतात आणि दोन्ही उजेडांची तुलना करतात. याला थर्मोल्युमिनेसन्स म्हणतात. जुन्या खापरांचं वय काढायला पुरातत्त्ववाले हेच तत्त्व वापरतात. अवरक्त प्रकाश टाकून काही मिनिटांत प्राथमिक चाचणी करण्याचीही सोय आहे. तुमच्या मुळीला चिकटलेली माती महिन्यांनंतरही सगळं सांगते, ताई. मला हे विज्ञान फार आवडतं.

आणि लपवायचं तरी कशाला? किरणोत्सर्गाची प्रक्रिया परवानाधारक केंद्रातच होते. २०१२ चे अणुऊर्जा विभागाचे नियम त्यासाठी आहेत आणि त्यात आयुर्वेदिक वनौषधींचा वेगळा उल्लेख आहे. कीड मारायला पाव ते एक किलोग्रे, जंतू कमी करायला ५ ते १०. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर या प्रक्रियेसाठी हिरवं वर्तुळाकार चिन्ह असतं, त्याला राडुरा म्हणतात. तुमच्या चूर्णाच्या लेबलवर ठळक मराठीत "किरणप्रक्रिया केलेले" आणि तारीख छापा. काही गिऱ्हाइकं तुटतील. जी राहतील ती तुम्हाला ओळखून राहतील.

ईटीओ सुचवणाऱ्यांना नमस्कार करा. इथिलीन ऑक्साइड हा वायू स्वतःच माणसात कॅन्सर करणारा म्हणून वर्गीकृत आहे. युरोपनं अन्नाच्या धुरीसाठी त्याला १९९१ पासून बंदी घातली आहे. २०२० मध्ये भारतातून गेलेल्या तिळात त्याचा अंश सापडला आणि तिकडच्या दुकानांतून पदार्थ परत घ्यावे लागले. किरण मालात आपला अंश मागे ठेवत नाही, वायू ठेवतो.

टेस्टचं विचारलंत. मी तुमच्या जागी असते तर पैसा असा खर्च केला असता. मुळी दारात आली, की चक्कीत जाण्याआधी ओळख आणि जड धातू. शिसं १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग), आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३, यापलीकडे असेल तर पोतं परत. धातू ना किरणानं जातो ना उन्हानं. ओळख यासाठी, की अश्वगंधेच्या मुळीत दुसऱ्याच मुळ्या मिसळणारे लोक आहेत, आणि किरण भेसळीलाही शिवत नाही. कीटकनाशकांचे अंशही तसेच, शेतातल्या मालाला ती टेस्ट अधूनमधून करा. मग ओलावा. मग अ‍ॅफ्लाटॉक्सिन, आणि हे विष पोत्यात सारखं पसरलेलं नसतं, एका कोपऱ्यात साठून असतं. त्यामुळे वरची मूठभर पूड पाठवून उपयोग नाही. प्रत्येक पोत्याच्या वर, मध्ये आणि तळाशी नळी घालून माल काढा, एकत्र करा, त्यातून नमुना पाठवा. हे सगळं किरणांच्या आधी.

नंतरच्या टेस्ट दोन गोष्टींसाठी. एक, जंतुकाउंट खरंच उतरला का. दुसरी बरेच जण विसरतात: औषध औषध राहिलं का. अश्वगंधेत विथेनोलाइड, त्रिफळ्यात गॅलिक अ‍ॅसिड आणि टॅनिन, हे औषधी घटक आधी किती होते आणि नंतर किती आहेत, एकाच लॉटच्या दोन नमुन्यांवर एचपीटीएलसी (घटक वेगळे करून मोजायची चाचणी) करून बघा. कोरड्या चूर्णात फरक सहसा थोडा असतो, कारण किरणांचा बराचसा उपद्रव पाण्यातून होतो आणि इथे पाणीच कमी. पण "सहसा" या शब्दावर औषध विकू नये. ज्यांचा गुण चिकटपणात आहे ती द्रव्यं किरणानं सैल पडतात. डिंक आणि इसबगोल यांचा बुळबुळीतपणा कमी होतो, म्हणून शतावरीचं एकदा नीट तपासा. सुगंधी तेलं असलेल्या द्रव्यांचा वास घेऊन बघा, तुमच्या बायकांची नाकं इथे मशीनपेक्षा कमी नाहीत.

केंद्राकडून प्रमाणपत्र घेताना त्यावर किमान आणि कमाल मात्रा दोन्ही मागा. खोक्याच्या कडेला किरण जास्त लागतो, मधे कमी. एकच आकडा लिहून देत असतील तर विचारा. खोक्यावर रंग बदलणारी टिकली लावतात. ती फक्त किरण लागला एवढं सांगते, किती लागला ते नाही, तेव्हा टिकलीवर विसंबू नका. आणि माल शेवटच्या बंद पाकिटातच पाठवा, पाकीट या प्रक्रियेला चालणारं हवं. पोत्यात गॅमा करून आणला आणि इथे उघड्यावर भरला, तर सगळं मुसळ केरात. किरणाचा पहारा मागे राहत नाही. ओला चमचा घातला की जंतू परत आले.

पण तुमचा खरा पैसा मला दुसरीकडे लागलेला बघायचा आहे. मुळ्या पिंपात दोनदा धुऊन घ्या. एप्रिल-मे मध्ये नागपूरसारखं ऊन महाराष्ट्रात फार ठिकाणी मिळत नाही, वर्षभराच्या मुळ्या तेव्हाच घेऊन खडखडीत वाळवा. गच्चीवर उघड्या नको, कबुतरं असतात, जाळीच्या सौर वाळवणीत घाला. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. पावसाळ्यात चक्की शक्यतो बंद ठेवा, पुडीला ओल फार लवकर धरते, मुळीला त्या मानानं उशिरा. हे केलंत तर ४० लाखांचा आकडा येणारच नाही, आणि गॅमा करावा लागला तरी कमी मात्रेत भागेल. अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकांतही हेच लिहिलं आहे, की किरणप्रक्रिया ही स्वच्छतेच्या जागी वापरायची नाही.

त्या लॉटचा निकाल असा. अ‍ॅफ्लाटॉक्सिन किंवा धातू मर्यादेबाहेर आले, तर २५० किलो नष्ट करा, फोटो काढा, रजिस्टरमध्ये लिहा. जनावरांच्या खाद्याला किंवा खताला म्हणून मागणारे येतील, त्यांना देऊ नका. दुधावाटे ते विष परत माणसातच येतं. दोन्ही मर्यादेत असतील आणि ई. कोलाय, साल्मोनेला नसतील, तर गॅमा करा, लेबल लावा आणि पुण्याच्या खरेदीदाराला आधीचा रिपोर्ट आणि नंतरचा रिपोर्ट दोन्ही पाठवा. त्यांनी नाही म्हटलं तर तो त्यांचा हक्क आहे. नुकसान मोठं आहे, मला कळतं. सहा जणींचे पगार त्यातूनच जायचे आहेत.

शेवटी आई. त्यांच्या गुळवेलाबद्दल मला लॉटपेक्षा जास्त वाटलं. त्या काय काय घेतात, हे त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना माहीत आहे का? नसेल तर या आठवड्यात गुळवेलाचं पाकीट पिशवीत घालून त्यांच्यासमोर ठेवा. गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला सूज आल्याच्या नोंदी २०२१ मध्ये डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या. त्यावर आयुष मंत्रालयानं म्हटलं, की गुळवेलासारखी दिसणारी दुसरी वेल मिसळली गेली असेल. वाद कसाही असो, यकृताची रक्ततपासणी स्वस्त आहे, ती करून घ्या. आणि केमो चालू असेल, किंवा पांढऱ्या पेशी कमी असतील, तर जंतूंनी भरलेलं साधं चूर्ण अशा माणसाला किरणप्रक्रिया केलेल्या चूर्णापेक्षा जास्त घातक आहे. ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे अशा रुग्णांना परदेशातल्या काही दवाखान्यांत मुद्दाम किरणांनी निर्जंतुक केलेलं जेवण देत आले आहेत.

पण हे त्यांना जिंकण्यासाठी सांगू नका. त्यांना एकदा युनिटमध्ये घेऊन या, मुळ्या कशा धुता ते दाखवा, रिपोर्ट वाचून दाखवा. त्यानंतरही त्यांना गॅमा केलेलं नको असेल, आणि डॉक्टरांनी गुळवेल घ्यायला हो म्हटलं असेल, तर त्यांच्यासाठी ताज्या वेलाचा तुकडा चांगला धुऊन, उकळून काढा करा. उकळत्या पाण्यात बहुतेक जंतू मरतात. वेल मात्र जाणकाराकडून ओळखून घ्या, कुंपणावरची कुठलीही तोडू नका.

अ‍ॅफ्लाटॉक्सिनचा रिपोर्ट आला की मला कळवा. आकडा कळत नसेल तर तसाच लिहून पाठवा, मी वाचून सांगेन.